नेलेलं दूध

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. लांबट, वर पत्रे, भिंतींना निळा चुना. खोलीच्या या टोकाला एक बाज, त्या टोकाला दुसरी, आणि मधोमध, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, एक जुनं नऊवारी लुगडं ताणून बांधलेलं. दोन्ही बाजांवर दोन बाळंतिणी आहेत. एकीच्या कुशीत मुलगा, दुसरीच्या कुशीत मुलगी. आता सांगा बघू, ते लुगडं कशासाठी बांधलं असेल?

थंडीसाठी नाही, लाजेसाठीही नाही. ते बांधलं होतं दुधासाठी. अंबडच्या अलीकडच्या त्या गावातल्या जुन्या बाया असं धरून चालत, की एका छपराखाली दोघी लेकुरवाळ्या असल्या आणि पाजताना त्यांची नजरानजर झाली, तर एकीचं दूध दुसरीकडे ओढलं जातं. शेजाऱ्याने बोअर घेतला की आपल्या विहिरीचं पाणी उतरतं ना, तसं. त्याला त्या 'दूध नेणं' म्हणत.

लुगड्याच्या आतल्या, उबदार बाजूला होती बेबीनंदा. ती या घरची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दाराकडच्या बाजूला, जिथे फटीतून वारा यायचा, तिथे होती शालू, या घरची सून. शालूची आई ती लहान असतानाच वारली होती, त्यामुळे तिला बाळंतपणाला जायला माहेर उरलं नव्हतं. दोघींचं करणारी एकच, द्वारकाबाई. एकीची आई, दुसरीची सासू.

बेबीनंदाच्या बाजेखाली शेगडी धुमसायची. तिला सकाळी हाळिवाची खीर, दुपारी शेपूची भाजी आणि वर तूप घातलेली बाजरीची भाकरी, संध्याकाळी डिंकाचा लाडू. लुगड्यातून शालूकडे यायचा तो नुसता वास. तिची भाकरी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर यायची, आणि ती येईपर्यंत गार झालेली असायची.

सरकारी दवाखान्याच्या आशाताई गावातून फिरताना घरी यायच्या. "सहा महिने फक्त आईचं दूध हं, आजी. पाणीसुद्धा नको," असं बजावायच्या.

"बराबर, ताई. बिलकुल," द्वारकाबाई म्हणायच्या. आशाताईंची पाठ वळली की पिठाच्या डब्यामागून दुधाची बाटली निघायची. ती बाटली शालूच्या मुलीसाठी होती.

त्याचं असं झालं. शालूची मुलगी संध्याकाळ झाली की सारखी प्यायची. सोडायची, रडायची, पुन्हा लागायची. तान्ही लेकरं असं करतात. ती दूध नाही म्हणून रडत नसतात, उद्याचं दूध आईच्या अंगाला आजच सांगून ठेवत असतात. जितकं ओढतील तितकं दूध बनतं. पण द्वारकाबाईंनी ते वेगळंच धरलं.

"सारखी लुचती ही. पोट भरंना हिचं. दूध न्हाई ह्या बाईला."

"हाय हो आत्याबाई, येतंय की," शालू सासूला म्हणाली.

"येतंय तर मंग पोरगी बोंबलून का राह्यली?"

दिवाळी झाली आणि कापूस फुटला. त्यातच आभाळ भरून यायला लागलं. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो काळा पडतो. वेचायला बाया मिळेनात. शालूचा नवरा आदिनाथ दारोदार फिरून आला आणि अंगणात मान खाली घालून बसला. द्वारकाबाई आतूनच म्हणाल्या, "घरात एक जवान बाई बसून खाऊन राह्यली, आन तू गावभर हिंडतोस?"

शालूने कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली आणि ती रानात गेली.

बोंडाच्या नख्या बोटांत शिरायच्या. वाकून वाकून कंबर निघायची. पण त्याहून वाईट ते दुसरंच. उन्हं वर आली की छाती दगडासारखी व्हायची, पोलकं भिजायचं आणि त्यावर काळी माती चिकटायची. मग ती तुरीच्या ओळीआड बसून दूध पिळून टाकायची. काळ्या रानात पांढरे ठिपके पडायचे आणि पाहता पाहता तिथे मुंग्या जमायच्या. घरी मुलगी बाटलीवर, इथे आईचं दूध मुंग्यांना. शालू दात आवळून पिळायची. हळूहळू पिळायची गरजच उरली नाही. छाती मऊ राहू लागली, पोलकं कोरडं राहू लागलं. आधी तिला बरंच वाटलं. मग ती दचकली.

संध्याकाळी घरी येऊन ती मुलीला जवळ घ्यायची तर मुलगी कमान करून मागे पडायची. बाटलीच्या रबराला भोक मोठं. नुसतं तोंड लावलं की धार. आईकडे ओढावं लागतं, थांबावं लागतं. तिची थांबायची सवय मोडली होती. ती किंचाळायची आणि द्वारकाबाई बाटली हलवत यायच्या.

"आण इकडं. हे बघ, कशी गटागटा पिती माझ्याकडं."

मग बेबीनंदाच्या मुलाचं लांबलेलं बारसं आलं. शालूच्या मुलीचं नाव ठेवायचं मात्र "बघू पुढं" म्हणून मागे टाकलं. अंगण बायांनी भरून गेलं. शालू घुगऱ्यांचं पातेलं कमरेवर घेऊन वाटत होती. कोणीतरी विचारलं, "काय हो द्वारकाबाई, नात एवढुशी का दिसती? सुनेला दूध न्हाई का?"

"कुठलं दूध!" द्वारकाबाईंनी हात उडवला. "आमची सून भाकड निघाली, बाई. म्हैस असती तर अंबडच्या बाजारात तरी धाडली असती. हिला कुठं धाडू?"

बाया हसल्या. कोणी पदर तोंडाला लावून, कोणी उघड. आणि आतून, लुगड्यापलीकडून, बेबीनंदाही हसली. तिच्या हसण्याने ते लुगडं हललं.

शालूने पातेलं खाली ठेवलं नाही. ती पुढच्या बाईच्या ओंजळीत घुगऱ्या घालत गेली. मात्र वाटता वाटता तिने कोणाकोणाचे दात दिसले ते नीट पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती आदिनाथला म्हणाली, "मी आखाड्यावर राहते. जाण्यायेण्यात वेळ जातो. पोरीला बी संगं नेते."

"एकटी राहशील?"

"बाजूच्या रानात तुळजामावशी हाय की."

आखाडा म्हणजे शेतातलं पत्र्याचं खोपट. आदिनाथने आईकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी लाडू वळता वळता मान हलवली. "जाऊ दे. माझ्या लेकीच्या दुधावरची नजर तरी हटंल."

शालूने मुलीला उचललं. तिच्या मनात एकच गोष्ट होती. दूध परत आणायचं. मुलीसाठी तर आणायचंच, पण नुसतं मुलीसाठी नाही. ते हसणं त्यांच्या घशात परत घालायचं होतं.

तुळजाबाई ही पलीकडच्या रानातली म्हातारी. शेळ्या राखायची, तंबाखू मळायची आणि कोणाचीही भीड ठेवायची नाही. मुलीचा आवाज ऐकून ती बांध ओलांडून आली.

"काय गं, का कोकलून राह्यली ही?"

"दूध न्हाई मला, मावशी."

"कोण म्हणतं?"

"आत्याबाई."

"तिला काय ठावं? दूध तिच्या अंगात हाये का तुझ्या?" तुळजाबाईने एक करडू कानाला धरून पुढे ओढलं आणि त्याच्या आईखाली सोडलं. करडाने डोक्याने कासेला दण्ण दण्ण मारलं. "बघ. आधी ढुसण्या, मंग दूध. शेळी काय डबा भरून ठेवती व्हय? मागंल तसं बनतं. तुझ्या पोरीला मागू दिलंय का कुणी? आन ती रबराची बला टाक आधी. चटक लागली तिला."

"मंग उपाशी ठेवू?"

"उपाशी कशाला ठेवती! वरचं दूध वाटीत घे आन चमच्यानं पाज. पण आधी तुझ्याकडं, मंग चमचा."

तिने शालूला पोलकं काढायला लावलं. मुलीला उघडी करून आईच्या उघड्या छातीवर आडवी ठेवली आणि वरून गोधडी टाकली. "आसंच पडून राहा. तिला वास येऊ दे तुझा. लागली तर लागली, न लागली तर नुसती पडू दे."

पहिल्या दिवशी मुलगी लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी लागली आणि चावल्यासारखी सुटली. छातीची बोंडं चिरली, रक्त आलं. शालूच्या डोळ्यांतून पाणी काढलं तिने.

"नुसतं टोक नको देऊ," तुळजाबाई म्हणाली. "मोठं तोंड उघडू दे, जांभई देती तसं. मंग सगळा काळा भाग आत गेला पाहिजे. हनुवटी टेकली पाहिजे तुला. आन चिरलंय तिथं तुझंच दूध लाव, वाळू दे."

शालूने तसं केलं. दुखणं कमी झालं. या बाजूला, मग त्या बाजूला. मुलीचं झालं, की ती वाटी घेऊन बसायची आणि हाताने उरलंसुरलं पिळायची. पहिल्यांदा वाटीचा तळही ओला व्हायचा नाही. ती पिळत राहायची. बोटं मागे, दाब, पुढे. आणि प्रत्येक दाबाला एक नाव घ्यायची. ही धार द्वारकाबाईची. ही बेबीनंदाची. ही त्या कोपऱ्यावरच्या जाडीची, जिने घुगऱ्या दोनदा मागून घेतल्या आणि हसलीही दोनदा.

तुळजाबाईने एकदा ऐकलं. "कुणाचं नाव घेऊन राह्यली गं? देवाचं का?"

"व्हय. देवांचंच."

"लई देव हायेत तुझे," म्हातारी म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली.

जाता येता ती काहीबाही आणून द्यायची. कधी शेपूची जुडी, कधी भाजलेले शेंगदाणे, कधी गरम भाकरी. "खा. पाणी पी. लाडवानं दूध येत न्हाई, पण उपाशी बाईच्या अंगात जोर कुठून यावा?" शालू वेचणी करायची, पण बाभळीला बांधलेल्या झोळीतून मुलगी हाक मारील इतक्याच अंतरावर. हाक आली की ओटी तिथेच टाकून यायची. आभाळ भरलेलं असो की नसो, कापूस थांबायचा, मुलगी थांबायची नाही.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाजताना शालू मनात एक मागणं मागायची. बेबीनंदाचं दूध आटावं. कोणाला ऐकू जाणार नाही असं, पण मागायची. तिलाही कळू दे. तिच्याही पोराने तोंड फिरवू दे.

एका दुपारी ती वाकून वेचत होती. बाभळीच्या झोळीतून मुलगी रडली, आणि शालू उठायच्या आतच तिच्या पोलक्यावर दोन गोल ओले डाग पसरले. झर्रकन, न विचारता. ती उभी राहिली आणि डागांकडे बघत राहिली. तिने ते पुसले नाहीत. त्या दिवसापासून वरच्या दुधाचा चमचा कमी होत गेला. मुलीचे लंगोट भिजून भिजून दोरीवर जागा पुरेना. तुळजाबाई दोरीकडे बोट दाखवून म्हणायची, "सासू खोटं बोलंल, लंगोट बोलणार न्हाईत." मग एक दिवस चमचा वाटीत तसाच राहिला.

त्यानंतर आदिनाथ मोटरसायकल घेऊन आला. गाडी लावली तरी तो खाली उतरेना.

"काय झालं?" शालूने विचारलं.

"बेबीला ताप आलाय. एका बाजूला गाठ झालीय, लालबुंद. आई म्हणाली, तापाचं दूध पोराला बाधतं, म्हणून पाजणं बंद केलं. आता दुसरीकडचं बी गेलं." तो घुटमळला. "आई म्हणती, तू नेलंस."

"काय नेलं?"

"दूध. तू हिकडं आलीस आन तिचं गेलं. आई म्हणती, येऊन परत दे."

शालू हसली. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. झोळीतली मुलगी दचकली.

"अवो, बारशाला गावासमोर काय म्हणाल्या त्या? भाकड ना मी? मंग भाकडीनं नेलं कशात भरून?"

"मला का इचारून राह्यली? मी निरोप्या."

"म्हंजे माझ्याकडं दूध हाय, हे आता त्याच सांगत्यात."

आदिनाथ दोरीवरच्या लंगोटांकडे बघत राहिला.

"पोरगं कसं हाय?" शालूने विचारलं.

"हगवण लागली म्हशीच्या दुधानं. आता बाटली बी धरंना. आवाज बसलाय त्याचा."

शालूचं मागणं पुरं झालं होतं. तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, झाला. उसाचं कांडं दाताखाली फुटावं तसा. मग तो चावून चोथा झाला, तरी ती तो थुंकायला तयार नव्हती. तिने मुलीला पोटाशी बांधलं आणि ती गाडीवर मागे बसली.

"चला जल्दी. सगळ्या जमल्यात ना?"

"कोण सगळ्या?"

"बारशाला आल्त्या त्या."

जमल्या होत्या. बातमी कुणी सांगायची गरज नव्हती. खोलीच्या उंबऱ्यापाशी काशाची वाटी ठेवली होती आणि शेजारी द्वारकाबाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे खोल. आतल्या बाजेवर बेबीनंदा तापाने लाल होऊन पडली होती.

"ये," द्वारकाबाई म्हणाल्या. "ह्या वाटीत पिळ. उंबऱ्यावर सांड. आन म्हण, तुझं तुला."

"सांडायला न्हाई माझ्याकडं."

"शाले, हात जोडते."

"जोडा की."

कोपऱ्यावरची जाडी भिंतीकडे बघायला लागली. शालूने वाटी पायाने हळूच बाजूला सारली. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. रानात वेचता वेचता ते सगळं तिने घोकून ठेवलं होतं.

तेवढ्यात आतून पोरगं रडलं. रडणं कसलं, कोरड्या विहिरीत मोटर चालू राहावी तसा खरखर आवाज. आणि शालूचं पोलकं भिजलं. तिने मनगट छातीवर दाबून धरलं. थांबेना. दुसऱ्या हाताने पदर ओढला, पदरही भिजला. तिच्या मनात माया नव्हती, तिला खात्री होती. राग होता तसाच होता. पण दूध रागाला विचारायला थांबलं नव्हतं. सगळ्या बायांनी ते पाहिलं.

"पाहून घ्या," शालू म्हणाली. "बघायलाच आल्यात ना?"

ती आत गेली आणि बेबीनंदाच्या बाजेवर, शेगडीच्या बाजूला बसली. पोटाशी बांधलेली मुलगी झोपली होती. तिला तिने एका हाताने डावीकडे सरकवून घेतलं.

"द्या पोरगं."

आदिनाथ पुढे झाला. "तुमी न्हाई," शालू म्हणाली. "आत्याबाई, तुमी. तुमच्या हातानं. माझ्या मांडीवर."

द्वारकाबाईंचे हात हलेनात. "तुझ्या मनात... काही वाईट न्हाई ना?"

"वाईटच हाय. पण दुधात ते उतरत न्हाई."

"आई, दे गं!" बेबीनंदा ओरडली. "मरंल ते!"

द्वारकाबाईंनी मुलगा उचलला. गुडघ्यावर बसून त्याला सुनेच्या मांडीवर ठेवला. ठेवताना त्यांचं डोकं शालूच्या पायांपर्यंत खाली आलं.

"आता म्हणा."

"काय म्हणू?"

"बारशाला म्हणाल्या तेच. ह्या सगळ्यांसमोर. म्हणा की, काय निघाली तुमची सून?"

द्वारकाबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. शालू वाट बघत राहिली. पोरगं मान वळवून हुंगत होतं. तिने त्याला थांबवून धरलं होतं, तोंडापासून चार बोटांवर. सासूच्या हनुवटीवरून पाणी टपकलं तेव्हा कुठे तिने हात सैल केला. त्याने मोठं तोंड उघडलं आणि घट्ट धरलं. खोलीत फक्त त्याच्या घोटांचा आवाज येत राहिला.

तो पीत असताना शालू बेबीनंदाकडे न बघताच बोलली. "तुझं कुणी नेलं न्हाई, ताई. तुझ्या आईनं पोराला हटवलं, म्हणून गेलं. माझं बी असंच गेल्तं. ताप असला तरी पाजायचं असतं. गाठ पोराच्या ओढण्यानंच मोकळी होती. आन दवाखान्यात आजच जा, दोघं मायलेकरं. उद्यावर टाकू नका."

"वहिनी..."

"वहिनी बिहिनी काही न्हाई. त्या दिवशीचं तुझं हसणं माझ्या कानातून गेलं न्हाई अजून."

बेबीनंदाने तोंड गोधडीत घातलं.

शालूने गाडीवरच ठरवलं होतं. एकच बाजू. सगळ्यांना दिसण्यापुरती. दुसरी तिच्या मुलीची. त्यातला एक थेंबही या घराला द्यायचा नाही. पोराची एक बाजू संपली. त्याने तोंड सोडलं. हनुवटीवर दूध, कपाळावर घाम. शालूने पदर ओढून घेतला.

बेबीनंदाने बाजेवरून हात पुढे केले. द्वारकाबाईंनी खालून हात पुढे केले. पोराने डोळे उघडून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. मग शालूच्या पदराची कड मुठीत धरली, डोकं डावीकडे वळवलं, झोपलेल्या बहिणीच्या गालाला नाक घासत पुढे सरकला, आणि तोंड मोठं उघडून दुसरी बाजू शोधायला लागला.